ब्लूस्कायवर स्क्रिप्टने मराठी पोस्ट टाकली की लिंक भलत्याच शब्दाला लागते

पाणकळा:
मंडळी, आमच्या धरणाचा पाणीसाठा रोज ब्लूस्कायवर (ट्विटरसारखं सोशल नेटवर्क) टाकायचा म्हणून नोडमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये, छोटी स्क्रिप्ट लिहिलीय, ॲटप्रोटोची (ब्लूस्काय ज्यावर चालतं तो प्रोटोकॉल) ऑफिशियल एपीआय लायब्ररी वापरून. लॉगिन होतं, पोस्ट पण जाते, पण लिंक क्लिकच होत नव्हती म्हणून फॅसेट (मजकुराचा कुठून कुठपर्यंतचा भाग लिंक आहे ही नोंद) हाताने भरला, सुरुवात इंडेक्सऑफने (शब्द कितव्या जागी आहे ते सांगणारं फंक्शन) काढली. इंग्रजीत बरोबर चालतं, मराठीत मात्र लिंक सोडून आधीच्याच कुठल्यातरी अक्षरांना निळा रंग येतो. शेतकरी बघणारेत हे, नीटच दिसायला हवं. कुठे अडतंय?

घाटवाट:
इंडेक्सऑफमुळेच. अक्षरं साठवायच्या दोन पद्धती आहेत, जावास्क्रिप्ट स्ट्रिंग (मजकूर) यूटीएफ-१६ मध्ये मोजते आणि फॅसेटला लागतात यूटीएफ-८ चे बाइट, इंग्रजी अक्षर दोन्हीकडे १ च त्यामुळे तिथे कळत नाही. आता 'पाऊस' घ्या, स्ट्रिंगची लांबी ४ पण बाइट १२, कारण देवनागरीत काना-मात्रासुद्धा प्रत्येकी ३ बाइट घेतात. म्हणजे लिंकच्या आधी मराठी जितकं जास्त तितकी ती मागे सरकणार. हाताने मोजूच नका, लायब्ररीत रिचटेक्स्ट क्लास आहे, त्याला मजकूर द्या, डिटेक्टफॅसेट्सला एजंट (ज्याने लॉगिन केलंत तो) देऊन अवेट करा, म्हणजे ते पूर्ण होईपर्यंत थांबा, आणि पोस्ट करताना त्याचेच टेक्स्ट आणि फॅसेट्स पाठवा. हॅशटॅग, मेन्शन पण तोच शोधतो.

निळीशाई:
+१. आणि ३०० ची मर्यादा पण स्ट्रिंगच्या लेंग्थने तपासू नका!! ती ग्राफीमवर आहे, म्हणजे डोळ्याला दिसतं ते एक अक्षर, 'पाऊस' तिथे ३ च. रिचटेक्स्टवर ग्राफीमलेंग्थ मिळते ती वापरा, नाहीतर बसणारी मराठी पोस्ट उगाच कापली जाते आणि मला हे फार खटकतं. अजून एक, मेन पासवर्ड स्क्रिप्टमध्ये असेल तर आत्ताच काढा, सेटिंगमधून ॲप पासवर्ड (स्क्रिप्टसाठीचा वेगळा पासवर्ड) बनवा. टेस्टिंग करताना दर वेळी नवीन लॉगिन पण नको, ५ मिनिटांत ३० आणि दिवसाला ३०० च चालतात, सेशन सेव्ह करून रिझ्यूम करा.

पाणकळा:
झालं! रिचटेक्स्टने लिंक बरोबर जागी आली, खूप आभार दोघांचे. फक्त लिंकखाली फोटोवालं कार्ड येत नाही, ॲपमधून टाकलं की येतं.

घाटवाट:
ॲप ते कार्ड स्वतः बनवतं, एपीआयने पाठवलं की सर्व्हर तुमचं पान उघडून बघत नाही, आपणच द्यायचं. एम्बेडमध्ये (पोस्टला जोडायचा भाग) एक्स्टर्नल प्रकार घ्या, त्यात यूआरआय (लिंकचा पत्ता), टायटल, डिस्क्रिप्शन तिन्ही लागतातच, फोटो हवा तर आधी अपलोडब्लॉबने चढवा आणि परत मिळालेला ब्लॉब (चढवलेल्या फाइलचा संदर्भ) थंबमध्ये, म्हणजे कार्डच्या फोटोच्या जागी, टाका. टायटलमध्ये धरणाचं नाव आणि टक्केवारी टाकलीत तर लिंक न उघडताही आकडा कळेल.