प्रतिसाद : नळगंगेला पाणी आल्यावर पुढे काय?

भाऊ, वैनगंगा-नळगंगा जोड कालवा झाला की पश्चिम विदर्भाचा प्रश्न मिटला, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं पाणी बुलडाण्यातल्या नळगंगा धरणापर्यंत यावं, ही माझीही मनापासून इच्छा आहे. पण पूर्णेच्या खोऱ्यात आमचा खारपाणपट्टा आहे: अकोला, अमरावती, बुलडाणा. खाली खारं पाणी, वर खोल काळी चिकण माती, निचरा जवळपास नाहीच. अशा रानात मोकाट पाणी सोडलं तर भूजल वर चढतं, सोबत क्षारही वर येतात आणि जमीन चोपण, म्हणजे क्षारांनी कडक आणि नापीक होते. एकदा चोपण झालेली जमीन सुधारायला वर्षानुवर्षं जातात हो! म्हणून इथे कालव्याइतकेच निचऱ्याचे चर हवेत, आणि पाणी तुषार संचानेच द्यायला हवं. पावसाचं गोडं पाणी शेततळ्यात धरून हरभऱ्याला एक-दोन ओलितं देणं आजही जमतं.

दुसरं, शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या 2005 च्या राज्य कायद्याने पाणीवापर संस्थेला, म्हणजे कालव्यावरच्या शेतकऱ्यांच्या नोंदणीकृत संस्थेला, पाणी मोजून मिळतं. वितरिकेच्या (कालव्याच्या फाट्याच्या) शेवटच्या शेतकऱ्याला आधी, वरच्याला नंतर, ही पाळी संस्थेनेच ठरवून पाळली पाहिजे. तुमच्या गावात संस्था नोंदलेली आहे का?