पॅरिसच्या जुन्या बाजारात पानदान घेतलं, बिदरीच (बीदरचं चांदी जडवलेलं काळं काम) आहे का?

उदगीरवाला:
राम राम मंडळी. लेकीकडं पॅरिसला आलोय. रविवारी तिनं सेंत-उआनच्या जुन्या बाजारात नेलं. मेट्रोच्या ४ नंबर लाइननं पोर्त द क्लिन्यांकूरला उतरलो, बाहेर नुसते बूट-जॅकेट-पर्सवाले मागं लागले, म्हणलं ह्याच्यासाठी इतक्या लांब आणलं का, पण खरा बाजार हायवेच्या पुलाखालून पलीकडं गेल्यावर लागतो. लई मोठा, पाय गेले पण बाजार सरना.

व्हेर्नेझाँ म्हणून भाग आहे, बारीक बारीक बोळी. तिथं एका म्हातारीकडं काळाकुट्ट डबा दिसला, वर चांदीची फुलं. ती म्हणे तुर्की दागिन्यांचा डबा. उघडला तर आत लहान वाट्या, आन एका वाटीच्या कडेला पांढरं घट्ट बसलेलं, नखानं खरवडलं तर चुना! आजीच्या पानदानात अस्साच बसलेला असायचा. लेक कानात म्हणे बाबा चेहरा सरळ ठेवा, भाव वाढवंल. १२० युरो सांगितले, ९० ला दिलं. रुपयात हिशोब केला नाही, बायकोलाही करू दिला नाही.

खरं बिदरी कसं ओळखायचं? दोन पाकळ्यांतली चांदी पडलीय. आन काळं लई मळकट दिसतंय, पितांबरीनं घासू का?

गोदाकाठ:
घासू नका!! आमच्या घरी सुरई होती, दिवाळीला काकूनं चिंच लावून घासली, काळं गेलं आन करड्या पत्र्यासारखी झाली. ते काळं म्हणजे मळ नाही भौ. जस्त जास्त, तांबं थोडं असं ओततात, मग बीदरच्या किल्ल्यातली माती नवसागरासोबत उकळून त्यात बुडवतात, जस्त काळं पडतं, चांदी तशीच राहते. मऊ फडक्याला थेंबभर खोबरेल लावून पुसा, बस.

पाचोड_नाका:
लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर लोखंडाला काळा रंग मारलाय.

गोदाकाठ:
नाही चिकटलं म्हणून बिदरी ठरत नाही ना पण, अॅल्युमिनियम बी चिकटत नाही. हातात घेऊन बघा, आकाराच्या मानानं जड लागतं का. आन पडलेल्या पाकळीत बघा, खाली छिन्नीनं कोरलेली खाच पाहिजे. वरून रंगवलेल्यात खाच कामून असंल?

उदगीरवाला:
आत्ताच चष्मा लावून बघितलं, खाच आहे! जड तर इतकं की लेक म्हणे बॅगेचं वजन भरतंय.

पैठणगेट:
काका खरं असलं तरी जुनंच असंल असं नाही, बीदरला आजबी बनवतात. पण चुना बसलाय म्हणजे कुणीतरी वापरलंय. बिल जपून ठेवा, कस्टमला विचारलं तर दाखवायला. आन चांदी परत बसवायची तर बीदरलाच न्या, तुम्हाला उदगीरहून किती लांब, गल्लीतल्या सोनाराला देऊ नका.

उदगीरवाला:
बरं. चुना तसाच ठेवतो मग. बायको म्हणतीय त्यात लवंगा ठेवू.