तुमच्या घरात मत कसं ठरलं? नाशिक महापालिका निवडणूक : अनुभव धागा

१५ जानेवारी २०२६ ला आपल्या महापालिकेचं मतदान पार पडलं. त्याआधीचं मतदान फेब्रुवारी २०१७ मधलं. मार्च २०२२ पासून तर सभागृहात नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकांकडे होता. ज्या पोरांनी मागच्या वेळी आईचं बोट धरून केंद्र पाहिलं, त्यातली कितीतरी आता स्वतः मतदार झाली.

कोण जिंकलं, कोण पडलं, कुणी कुणाला पाडलं हे सगळीकडे चाललंय. इथे ते नको. तुमच्या घरात मत ठरलं कसं ते सांगा. जेवताना काय बोलणं झालं, कोण रुसलं, शेवटी कुठली गोष्ट भारी पडली. पक्षाचं किंवा उमेदवाराचं नाव लिहू नका, कुणाला मत दिलं तेही नको. मला मनापासून वाटतं, विधानसभा-लोकसभेपेक्षा हे मत ठरवणं अवघड असतं, कारण यातली माणसं आपल्या ओळखीची असतात. सुरुवात मी करते.

इंदिरानगर

आमच्याकडे आधी चार मतांचा हिशेब समजावून घ्यावा लागला. शहरात ३१ प्रभाग आणि १२२ जागा, म्हणजे बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक. सासूबाईंच्या डोक्यात एक चिन्ह, एक बटण. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे चार रकाने आखले. मतपत्रिकेच्या रंगांप्रमाणे अ जागा पांढरी, ब गुलाबी, क पिवळी, ड निळी. चारही जागांची बटणं दाबल्याशिवाय मतदान पुरं होत नाही, कुणीच पसंत नसेल तर त्या जागेपुरतं ‘वरीलपैकी एकही नाही’ दाबायचं, हे सगळं सांगितलं.

त्या चष्मा लावून बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे चारही एकाच चिन्हाचे द्यायला पाहिजेत असं नाही ना?”

हे ऐकून आमच्या ह्यांनी पेपर खाली ठेवला. ते पक्के पॅनलवाले. “आई, पॅनल फोडलं की चौघांची तोंडं चार दिशांना. मग एकही काम होत नाही.”

“मागे एकच पॅनल होतं की रे. धरण भरलं तरी आपलं पाणी पहाटेच येतं, तेही बारीक धारेनं. ते कुठं बदललं?”

त्यावर घरात जी चर्चा झाली तशी आमच्याकडे कधी झाली नव्हती. क जागेवरच्या एक बाई प्रचाराला आल्या होत्या, त्यांना सासूबाईंनी दारातच पाण्याचं विचारलं. आपली लाइन कुठल्या जलकुंभावरून येते, व्हॉल्व्ह कुठे आहे, शेवटच्या गल्लीला दाब का मिळत नाही, हे त्या बाईंनी कागद न बघता सांगितलं. दुसऱ्या एकांनी “करू ना काकू, नक्की करू” म्हणत हातात पत्रक दिलं आणि पुढचं दार वाजवलं. सासूबाईंनी तिथेच ठरवलं. ह्यांनी काय केलं ते मी विचारलं नाही. पण केंद्रावर जाताना कॅलेंडरचा कागद त्यांनीही एकदा बघून घेतला.

सिडको, पवननगर

आमचं मूळ गाव सटाण्याकडचं. इकडे कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) आणि खानदेशची वस्ती भरपूर, त्यामुळे प्रचाराला आलेला माणूस आधी गाव विचारतो, मग आडनाव, आणि चहा होईपर्यंत नातं निघालेलं असतं.

या वेळी एक उमेदवार खरोखरच पाहुण्यातले निघाले. नाना, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, “आता इचार करायचं काही कारणच नाही. उद्या लग्नाकार्यात तोंड कसं दाखवायचं?”

मी नानांपुढे फारशी बोलत नाही. पण पावसाळ्यातली रात्र डोळ्यापुढून जाईना. दारासमोरचं ड्रेनेजचं चेंबर तुंबलं आणि घाण पाणी ओट्यावर चढलं. लेक तापाने फणफणलेली. पाहुण्यांचा फोन वाजून वाजून बंद झाला. ज्यांचं नाव नानांना ऐकायचं नसतं, त्या दुसऱ्या इच्छुकाला मिस्टरांनी नाइलाजाने फोन केला. तो माणूस पँट दुमडून, छत्री न घेता आला, सफाईची गाडी मागवली आणि झाकण परत बसेपर्यंत तिथून हलला नाही. तेव्हा त्याला तिकीट मिळेल की नाही हेही ठरलेलं नव्हतं.

भोगीच्या दिवशी भाकरी थापता थापता मी हे नानांना बोलले. दोघं वेगवेगळ्या जागांवर उभे असते तर प्रश्नच नव्हता, पण दोघंही ड मध्येच. नाना बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “पोरी, मशिनीवर हात तुझा. फक्त मला सांगू नको.”

मी लग्न होऊन आले तेव्हा मतदानाच्या स्लिपेबरोबर चिन्हही घरातूनच सांगितलं जायचं. म्हणून नानांचं ते एक वाक्य माझ्यासाठी फार मोठं आहे.

सातपूर

माझी आदल्या रात्री तिसरी पाळी होती. सकाळी साडेसातला केंद्र उघडतं, मी कंपनीतून थेट तिथेच गेलो. घरात चर्चा अशी झालीच नाही, कारण बायको दुसऱ्या कंपनीत दिवसपाळीला आणि आमची भेट रविवारची. आम्ही फोनवर एकच ठरवलं होतं. सिटीलिंकच्या, म्हणजे महापालिकेच्या शहर बसबद्दल कोण बोलतंय ते बघायचं. तिची पाळी सुटते तेव्हा बस वेळेवर असली तर ती अंधाराच्या आत घरी पोहोचते. आमच्या भागातल्या पत्रकांत मला तरी रस्ते, उद्यान, व्यायामशाळा यापलीकडे फार काही दिसलं नाही. एका पत्रकात बसथांब्याचा उल्लेख होता. एक मत तिथे.

पंचवटी

वडिलांचं रामकुंडाजवळ पूजासाहित्याचं छोटं दुकान आहे. कुंभमेळा आमच्यासाठी पर्वणी शब्दशः. मागच्या २०१५ च्या कुंभात झालेल्या कमाईवर माझ्या शिक्षणाची सुरुवात झाली, हे मी विसरू शकत नाही.

आणि मी तपोवनातल्या झाडांसाठी उभी राहिलेली मुलगी. येत्या कुंभात साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामसाठी तिथली झाडं तोडायचा विषय नोव्हेंबर २०२५ मध्ये आला तेव्हा मैत्रिणींबरोबर मीही गेले. घरी परतल्यावर पप्पा म्हणाले, “साधू-महंत राहतील कुठं? माणसं आली नाहीत तर आपण खायचं काय?” दोन दिवस आमच्यात फक्त कामापुरतं बोलणं.

नंतर आईने मध्ये पडून एक गोष्ट केली. तिने आम्हा दोघांनाही सांगितलं की प्रचाराला जो येईल त्याला एकच प्रश्न विचारायचा: झाडं राखून साधुग्राम कसं करणार? उत्तर ऐकायचं, वाद घालायचा नाही. आणि आम्ही खरंच तसं केलं. काहींनी विषयच टाळला. काही माझ्याकडे बघून झाडांचं आणि पप्पांकडे बघून कुंभाचं बोलले. एकाने मात्र मोकळी मैदानं कुठे आहेत, तंबू विखरून लावले तर पाणी, शौचालयं आणि बंदोबस्ताचा खर्च कसा वाढेल, हे अडचणींसकट सांगितलं. पप्पांना त्यातली अडचण पटली, मला त्यातली वाट पटली.

आमचं चारही जागांवर एकमत झालं नाही. एका जागेवर झालं, एवढं मात्र पप्पांनी आपणहून सांगितलं.

पाथर्डी फाटा

आमच्या सोसायटीत मिस्टर सेक्रेटरी. एका उमेदवाराकडून निरोप आला, सगळ्या फ्लॅटची मतं मिळणार असतील तर पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक आणि गेटला कॅमेरे. मीटिंगमध्ये बरेच जण खूश. मी घरी मिस्टरांना म्हटलं, “तुम्ही माझं मत कुठल्या अधिकारात देऊन टाकताय?” कडाक्याचं भांडण झालं. त्यांचं म्हणणं, घरपट्टी आपण भरतोच, मग समोरून मिळतंय ते का सोडा. माझं म्हणणं, आपली पोरं शाळेत जातात तो रस्ता गेटच्या बाहेर आहे आणि तिथे फूटपाथ नाही.

ब्लॉक आम्ही सोसायटीच्या वर्गणीतून बसवणार आहोत. मिस्टरांनीच नंतर तसा ठराव मांडला. काही शेजारी अजून माझ्याशी बोलत नाहीत.

जेलरोड

आमच्या यादीत माझ्या नावापुढे दुबार मतदाराचे दोन तारे होते. नाव आणि आडनाव सारखं असलेला दुसराच कुणी माणूस दुसऱ्या प्रभागात आहे. केंद्रावर हमीपत्र भरून दिलं, ओळखपत्र दाखवलं, मतदान झालं. ज्यांची नावं अशी येतात त्यांनी घाबरून घरी बसू नये एवढ्यासाठी लिहितो.

गंगापूर रोड

लेक ऑगस्टमध्ये अठरा वर्षांची झाली. मतदारयादी १ जुलै २०२५ ची धरली होती, त्यामुळे तिचं नाव नाही. ती खूप हिरमुसली. पण नंतर तिने उमेदवारांची शपथपत्रं काढली आणि आम्हा दोघांना बसवून वाचून दाखवली. शिक्षण, मालमत्ता, दाखल गुन्हे. एका उमेदवाराला आम्ही वर्षानुवर्षं ‘सज्जन माणूस’ म्हणत होतो. त्याच्या शपथपत्रातला गुन्ह्यांचा रकाना ऐकून बाबांनी चहाचा कप तसाच ठेवला. आंदोलनातला गुन्हा वेगळा आणि मारहाणीचा वेगळा, हेही तिनेच समजावलं.

निकालानंतर तिने निवडून आलेल्या चौघांचे नंबर मिळवून फ्रिजवर लावलेत. कॉलेजच्या वळणावरचा पथदिवा बंद आहे, पहिला फोन त्यासाठी झाला. दोघांनी उचलला. उरलेल्या दोघांना ती सोमवारी परत लावणार आहे.