बखळ म्हणजे नुसती मोकळी जागा नव्हे

बखळ म्हणजे मैदान का, असा प्रश्न आला आहे. नाही. मैदान मुळातच मोकळं असतं, बखळ मागाहून मोकळी होते. आधी तिथे घर असतं, वाडा असतो. तो पडतो, माती-लाकूड उचललं जातं, सामाईक भिंतीवर आपले कोनाडे उघडे पडतात आणि मधे जी जागा उरते ती बखळ. भिंती उभ्या आहेत तोवर पडका वाडाच म्हणायचं.

शब्द स्त्रीलिंगी: ती बखळ, बखळीत, बखळीतून. पुण्यात 'हसबनीस बखळ' हे नाव अजून पत्त्यात लिहितात. 'बक्कळ' म्हणजे पुष्कळ, तो शब्द निराळा. उच्चार जवळचा म्हणून गल्लत होते.

आमचा वाडा शनिवार पेठेत, नदीच्या अंगाला होता. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि पाणी पेठांत शिरलं. वडील सांगायचे, पुरात वाडा उभा राहिला. खाली दगडी जोतं, वर पांढऱ्या मातीच्या भिंती. पाणी ओसरल्यावर सगळ्यांना वाटलं, वाचलो. चौथ्या दिवशी मागची भिंत बसली. 'पडली' असं वडील कधीच म्हणाले नाहीत. भिंत आडवी झाली तर पडली. भिजलेली माती खालून खचून ती उभ्या-उभ्या खाली आली तर बसली. महिनाभरात उरलेला वाडाही गेला. तुळया आणि कडीपाटाच्या फळ्या विकल्या, माती बैलगाड्यांतून नेली. उरली बखळ.

माझा जन्म त्यानंतरचा. वाडा मी पाहिलाच नाही, मला बखळच ठाऊक. जोत्याचे चिरे गवतात दिसायचे. एका चिऱ्यात कोरलेलं उखळ होतं, ते पावसाने भरलं की चिमण्या त्यात अंघोळ करायच्या. आम्ही तिथे विटीदांडू खेळायचो. आजी सोबत आली की एका ठराविक जागी चपला काढायची. "इथून माजघर रे. पलीकडे देव होते." आम्हालाही काढायला लावायची, आणि आम्ही गवतात अनवाणी उभे. पुढे आमच्या खेळाची हद्दही तीच झाली. देवघरात विटी गेली की डाव गेला.

म्हणून कागदोपत्री वापर वाचताना मला अडखळायला होतं. वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीत 'बखळ जागा', 'बखळ मिळकत' असं असतं. तिथे अर्थ एवढाच, की बांधकाम नाही. पूर्वी घर होतं की नव्हतं, याच्याशी कागदाला कर्तव्य नसतं. शिवाय नामाचं विशेषण झालं. गावाबाहेरच्या शेताचे तुकडे पाडले तरी तो 'बखळ प्लॉट'. हा वापर चूक म्हणता येणार नाही, तो चांगला रुळला आहे. पण पेठेतला अर्थ त्यात बुजतो, आणि तो बुजू नये असं मला मनापासून वाटतं. 'घरठाण' हा शब्द त्याच्या जवळ जातो, पण घर उभं असलं तरी घरठाण म्हणता येतं, बखळ म्हणता येत नाही.

सोबत आळी आणि बोळ यांतला फरकही विचारला होता. आळी म्हणजे मुळात ओळ. एकाच धंद्याची किंवा समाजाची घरं ओळीने वसली, त्यावरून तांबट आळी, बुरुड आळी, बोहरी आळी. कसब्यातल्या तांबट आळीत मठारकामाचे, म्हणजे तांब्याची भांडी हातोडीने ठोकण्याचे, ठोके अजून ऐकू येतात. बोळ म्हणजे अरुंद वाट, तिथे कोण राहतं याचा संबंध नाही: मुंजाबाचा बोळ.

आमच्या बखळीवर पुढे चार मजली इमारत झाली. उखळाचा चिरा मी हट्टाने मागून घेतला, तो जिन्याखाली ठेवला आहे. आत्या नव्वदीला आली. रिक्षातून येताना ती अजून "बखळीपाशी थांबव हो" म्हणते, आणि रिक्षावाले बहुतेक वेळा पुढेच जातात.

वाई, सातारा, नगरकडे पडलेल्या घराच्या जागेला बखळच म्हणतात की दुसरा शब्द आहे? तिकडचं कोणी सांगितलं तर हवं आहे.