नॉरफोकची तळी आणि स्वॉलोटेल फुलपाखरू

प्रश्न: इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील ‘ब्रॉड्स’ ही उथळ तळी नैसर्गिक आहेत की मानवनिर्मित? तसेच, ब्रिटनमधील स्वॉलोटेल फुलपाखरू मुख्यतः तिथेच का आढळते?

उत्तर १: ती मानवनिर्मित आहेत. मध्ययुगात जळणासाठी पीट, म्हणजे दलदलीत साठलेला अर्धवट कुजलेला पालापाचोळा, खणून काढला जाई आणि पुढे पाण्याची पातळी वाढल्यावर ते खड्डे बुडाले. १९५० च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ जॉइस लॅम्बर्ट यांनी तळ्यांचे काठ सरळ उभे असल्याचे दाखवून हा उलगडा केला.

उत्तर २: फुलपाखराचे उत्तर त्याच्या अळीच्या आहारात आहे. ब्रिटनमधील ही उपजात जवळजवळ सर्वस्वी मिल्क-पार्सली या दलदलीतील वनस्पतीवर पोसली जाते. लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी मोठी झाल्यावर हिरवीगार होते आणि तिच्या अंगावर काळे पट्टे व नारिंगी ठिपके उमटतात. बोरूची नियमित कापणी थांबली, तर झुडपे माजून ही वनस्पती हटते. त्यामुळे ‘निसर्गाला हात लावू नका’ हा आग्रह निदान इथे तरी मला पटत नाही.

उत्तर ३: फुलपाखरासाठी जूनमध्ये जावे. हिवाळ्यात गेल्यास नॉरफोकच्याच समुद्रकिनाऱ्यावरील ब्लेकनी पॉइंटला करड्या सीलची पांढरी पिल्ले दिसतील. ती मात्र दुरूनच पाहावीत.