जग खरं कशावरून? हा संशयवाद अजून वाचावा का?

प्रश्न : पुण्यात एम.ए. तत्त्वज्ञान करतोय. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचा स्वप्नाचा युक्तिवाद (आत्ता आपण स्वप्नात नाही हे कशावरून?) १६४१चा. त्यात आज वेळ घालवावा का?

उत्तर १ : घालवा, पण युक्तिवाद सुटा करून. समोर अमृततुल्यचा कप आहे. पहिलं विधान : तो आहे हे माहीत असेल, तर आपण स्वप्नात नाही हेही माहीत हवं. दुसरं : ते माहीत नाही. म्हणजे कपही गेला! इंग्रज तत्त्वज्ञ मूर दुसरं विधान नाकारतो, अमेरिकन तत्त्वज्ञ ड्रेट्स्के (१९७०) पहिलं. घोळ होतो तो बहुधा ‘ज्ञान’ म्हणजे ‘शंभर टक्के खात्री’ धरल्यामुळे.

उत्तर २ : देकार्तच का? आपला प्राचीन संशयवादी जयराशीभट्ट थेट न्यायदर्शनाने केलेल्या प्रत्यक्षाच्या (इंद्रियांनी होणाऱ्या ज्ञानाच्या) व्याख्येलाच हात घालतो : प्रत्यक्ष ‘अव्यभिचारी’, म्हणजे कधीच न चुकणारं, हे ठरवायचं कसं? मृगजळही दिसताना पाणीच वाटतं.

उत्तर ३ : अमेरिकन तत्त्वज्ञ पटनमचा ‘बरणीतला मेंदू’ (१९८१) शेवटी घ्या : आपण म्हणजे बरणीत ठेवलेला, खोटे अनुभव पुरवले जाणारा मेंदू तर नाही ना? त्यासाठी आधी शब्दांना अर्थ कसा येतो याचा सिद्धांत लागतो, नाहीतर नुसती विज्ञानकथा वाटते.