मदत हवी आहे: पॅलडिनने शब्द पाळला की मोडला?

नमस्कार मंडळी. डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रांच्या भूमिका करत, फासे टाकत खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती, २०१४ची पुस्तकं, चार खेळाडू आणि डीएम (गोष्ट चालवणारी, निवाडे देणारी) मी. अकरा सेशन मजेत झाली. बाराव्यानंतर ग्रुपवर शुकशुकाट आहे. चूक माझी असेल तर खुशाल सांगा, फक्त आधी सगळं वाचा.

पार्टीने (खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीने) एक गॉब्लिन (खुजा राक्षस) जिवंत पकडला. पॅलडिनने (शपथेने बांधलेला धर्मयोद्धा; त्याचं अलाइनमेंट, म्हणजे पात्राची नैतिक बाजू, लॉफुल गुड: नियम पाळणारा आणि चांगला; त्याची शपथ ओथ ऑफ डिव्होशन) त्याला शब्द दिला, "छावणीची वाट सांग, माझ्या हातून तुला धक्का लागणार नाही." गॉब्लिनने वाट सांगितली, आणि खरी सांगितली. आता त्याला सोडावं तर तो छावणीत जाऊन बोभाटा करणार, सोबत घ्यावं तर गळ्यात धोंड. रोगचं (rogue, पार्टीतलं चोरटं पात्र) पहिल्यापासून एकच टुमणं: मारून टाका. तो केऑटिक न्यूट्रल (मनमौजी, ना चांगला ना वाईट) आहे. आपण विसरू नये म्हणून दर सेशनला तो त्याची आठवण करून देतो.

रात्री मुक्काम पडला. दुसरा पहारा पॅलडिनचा होता. खेळाडू म्हणाला, "मी दमलोय, माझा पहारा रोगने घ्यावा." सकाळी गॉब्लिन मेलेला. रोग म्हणाला, पळून जात होता. दोर जसेच्या तसे बांधलेले होते, हे मी तीनदा वर्णन करून सांगितलं, तीनदा! पॅलडिनने एक प्रश्न विचारला नाही. "चला, उजाडलं," म्हणून पुढे निघाला.

मी तिथल्या तिथे जाहीर केलं की त्याचं अलाइनमेंट आता लॉफुल न्यूट्रल, शीटवर (पात्राच्या नोंदीच्या कागदावर) खोडून लिही. तो भडकला. त्याचं म्हणणं, शब्द "माझ्या हातून" असा होता आणि त्याच्या हातून काहीच झालं नाही. शिवाय ओथमध्ये शत्रूला दया दाखवा म्हटलंय, पण शहाणपण राखून. आणि मॉन्स्टरच्या पुस्तकात गॉब्लिनपुढे न्यूट्रल इव्हिल छापलंय, मग दुष्टाच्या मरणाचं सुतक कशाला? हे सगळं मी ऐकून घेतलं असतं. पण शेवटी तो म्हणाला, "सुरी ज्याने चालवली त्याच्या शीटवर एक रेघ नाही आणि शिक्षा मला?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

अलाइनमेंट ठरवायचं कशावरून? कृतीवरून, हेतूवरून, की शेवटी काय झालं त्यावरून? आणि ठरवायचं कुणी?

प्रतिसाद १

आधी एक सांगा, अलाइनमेंट बदलल्याने तुमच्या टेबलावर नेमकं काय बदललं? पाचव्या आवृत्तीत पॅलडिनला लॉफुल गुड असण्याची सक्तीच नाही. त्याची शक्ती ओथशी बांधलेली आहे, त्या दोन अक्षरांशी नाही. म्हणजे नियमाने तुम्ही त्याचं काहीच काढून घेतलं नाहीत. चारचौघांत "तू चांगला माणूस नाहीस" एवढंच म्हणालात. दुखणारच.

प्रतिसाद २

तुम्ही फार सौम्य डीएम आहात हो. पहिल्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीत अलाइनमेंट बदललं की एक अख्खी लेव्हल जायची. ३.५ आवृत्तीत पॅलडिनने जाणूनबुजून एक दुष्कृत्य केलं की मंत्र आणि शक्ती सगळं बंद, मग प्रायश्चित्ताचा वेगळा मंत्र शोधत फिरा. इव्हिल माणसांच्या संगतीत राहायलाही त्याला मनाई होती. त्या काळी निम्मे डीएम पॅलडिनला पेचात पकडायलाच टपलेले असायचे. मीही होतो, कबूल करतो.

अवांतर: १९७४च्या मूळ खेळात गुड-इव्हिल हा भाग अलाइनमेंटमध्ये नव्हताच. लॉ, न्यूट्रॅलिटी आणि केऑस, बस. त्याचा अर्थ बराचसा "युद्धात तू कुणाच्या बाजूचा" असा होता. खेळाच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सने १९७६मध्ये लेख लिहून गुड-इव्हिलचा दुसरा अक्ष मांडला आणि त्यातून पुढे नऊ घरं झाली. सैन्याची बाजू सांगणारी खूण आपण माणसाचं मन मोजायला वापरतो आणि मग ती बसत नाही म्हणून भांडतो.

प्रतिसाद ३

गॉब्लिनपुढे छापलेलं अलाइनमेंट हे ठोकळमानाने दिलेलं असतं. डीएम ते बदलू शकते, हे त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला आहे. त्यातून तुमच्या गॉब्लिनने तर खरी वाट सांगितली. त्या रात्री दिलेला शब्द पाळणारा तो एकटाच होता.

एक शंका: तुमच्या खेळाडूला गॉब्लिन म्हणजे दुष्टच, असं कुणी सांगितलं? पाचव्या आवृत्तीत पॅलडिनच्या डिव्हाइन सेन्सला दिव्य प्राणी, सैतानी प्राणी आणि अनडेड (मेल्यावरही हिंडणारे) एवढेच कळतात. गॉब्लिनच्या मनातलं त्याला काहीही दिसत नाही.

धागाकर्ती

अरे देवा. मीच सांगितलं. तिसऱ्या की चौथ्या सेशनला त्याने डिव्हाइन सेन्स वापरला आणि मी मोठ्या थाटात म्हणाले, "त्या गॉब्लिनांकडून दुष्टपणाचा दर्प येतोय." नियम उघडून बघितलाच नव्हता. त्याच्या डोक्यात ते पक्कं बसलं असणार.

प्रतिसाद ४

हा सरळ सरळ "नरो वा कुंजरो वा"चा खटला आहे. अक्षर पाळलं, अर्थ मारला. त्याच्या ओथमध्ये खोटं बोलू नका, फसवू नका आणि दिलेला शब्द वचन माना असं आहे. "माझ्या हातून" हे गॉब्लिनने कसं ऐकलं असेल? "मी जगेन" असंच ना? शब्द देणाऱ्याला हे माहीत होतं. तेव्हा पळवाट त्याने शब्द देतानाच राखून ठेवली होती, की सकाळी सुचली, हे महत्त्वाचं.

आता शिक्षेचं. धर्मराज ते अर्धसत्य बोलला तेव्हा त्याचा जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा रथ खाली टेकला. तेवढंच झालं. रथ राहिला, घोडे राहिले, धर्मराज हे नावही राहिलं. पण ज्याला कळायला हवं त्याला कळलं. तुमच्याकडून मला असलं काहीतरी हवं होतं. सकाळच्या प्रार्थनेला पॅलडिनचं पवित्र चिन्ह नेहमीसारखं उबदार लागलं नाही, एवढं सांगून गप्प बसायचं. निवाडा जगाकडून येऊ द्या, डीएमच्या तोंडून नको. २०१४च्या पुस्तकात ओथ मोडलेल्या पॅलडिनसाठी रात्रभर प्रार्थनेत जागरण, उपवास असे मार्गही सुचवलेत. खेळाडूला त्यातून भूमिका करायला मिळते. "शीटवर खोड" यातून काय मिळणार?

प्रतिसाद ५

वरच्याशी सहमत, पण एक राहिलं. "मी दमलोय" हे कोण म्हणालं? पॅलडिन की खेळाडू? किती वाजले होते तेव्हा?

प्रतिसाद ६

रोगबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून. केऑटिक न्यूट्रल म्हणजे स्वतःचं स्वातंत्र्य सगळ्यात वर मानणारा. बांधलेल्या कैद्याला मारण्याचा परवाना नव्हे. तरी एका कृतीवरून मी त्याचंही अलाइनमेंट बदलणार नाही. पुढच्या वेळी कैदी सापडला की तो काय करतो ते बघा, आणि त्याही पुढच्या वेळी. एकदा घडलं तर प्रसंग, तिसऱ्यांदा घडलं तर स्वभाव. त्याने रात्रीच पॅलडिनला उठवून "मी हे करतोय" म्हटलं असतं तर मला तो जास्त आवडला असता, हे माझं वैयक्तिक.

आणि खरं सांगू का, तो कैदी तुम्हीच त्यांच्या हातात दिलात. सोडला तर मेलो, नेला तर अडलो. तिसरी वाट ठेवली होती का? वाटेत एखादी पडकी गढी, जिथे दोन दिवस कोंडून ठेवता येईल, असं काहीही? नसेल तर ही परीक्षा अवघड नव्हती, नापास करण्यासाठीच काढलेली होती.

प्रतिसाद ७

पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाने २०२३च्या सुधारित पुस्तकांत अलाइनमेंट काढूनच टाकलंय. त्याऐवजी प्रत्येक पात्राचे "हे करावं" आणि "हे निषिद्ध" असे नेम असतात. हे कुठल्याही खेळात उसनं घेता येतं. प्रत्येकाला दोन-दोन ओळी लिहायला लावा. मग भांडण "तू चांगला की वाईट" यावर होत नाही, "तूच लिहिलेलं मोडलंस का" यावर होतं, आणि ते बरंच लवकर मिटतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. प्रतिसाद ५ वाचून पोटात गोळा आला, कारण रात्रीचे पावणेबारा वाजले होते आणि तो खरोखर जांभया देत होता.

काल त्याला फोन केला. आधी डिव्हाइन सेन्सची माझी चूक सांगितली आणि चारचौघांत निकाल दिल्याबद्दल माफी मागितली. मग विचारलं, पहारा का बदललास? तो म्हणाला, "अगं, झोप येत होती मला. मला वाटलं पहाऱ्याला फासे टाकावे लागतील, ते रोग टाकेल. गॉब्लिन डोक्यातही नव्हता." म्हणजे ज्या गोष्टीवरून मी त्याला दोषी धरलं ती घडलीच नव्हती.

मी फोन ठेवणार तेवढ्यात तोच म्हणाला, "पण दोर मी ऐकले होते. तिन्ही वेळा. विचारलं असतं तर रोगशी भांडावं लागलं असतं, म्हणून नाही विचारलं."

तर लॉफुल गुड परत लिहिलंय, आणि पुढचं सेशन जागरणापासून सुरू होणार, हे त्यानेच सुचवलं. कोवळा उजेड, थंड चिन्ह आणि समोर रोग झोपलेला. पुढचं त्यांचं ते बघतील. कैद्याला कोंडायला गढी मी आता नकाशावर टाकली आहे, उशिरा का होईना.

प्रतिसाद ७प्रमाणे चौघांकडून नेम लिहून घेतले. तिघांचे छान आलेत. रोगने दोन्ही रकान्यांत "परिस्थिती बघून" असं लिहिलंय.